टायरचं वय



शाळांना सुट्ट्या लागल्या की घरापुढे आच्छादन घालून ठेवलेल्या गाड्या बाहेर निघतात. गाडी दहा-बारा वर्षांची असते. एरवी तिला कधी बाजारात, कधी दवाखान्यात, कधी एखाद्या लग्नाला नेलेलं असतं, त्यामुळे किलोमीटर फारसे झालेले नसतात. आता तिच्यात सगळं घर बसणार आणि गावी जाणार. निघण्याआधी ऑइल बघितलं जातं, कूलंट बघितलं जातं, बॅटरी बदलून घेतली जाते. टायरपाशी मालक वाकतो, नक्षी चांगली खोल दिसते, आणि तो समाधानाने म्हणतो, "टायर तर नव्यासारखे आहेत." या एका वाक्याबद्दल मला आज तुमच्याशी बोलायचं आहे.

टायर झिजून संपतो हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. गाडीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खोल राहिली तर तो रस्त्यावर चालवू नये, असा आपल्याकडे नियम आहे. ते ओळखायला टायरच्या खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे ठेवलेले असतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर बदलायचा. पण टायर वयानेही संपतो, आणि ते मोजायला असा कुठलाही उंचवटा नसतो.

जुन्या फायलीला लावलेला रबरबँड काही वर्षांनी ओढला तर तो ताणला न जाता तुटतो. त्याला कोणी वापरलेलं नसतं. हवेतला ऑक्सिजन आणि उष्णता यांनी रबराचा चिवटपणा संपवलेला असतो. टायरचंही तेच होतं, आणि त्याला ते बाहेरून होतं तसं आतूनही होतं. टायरमध्ये दाबाखाली भरलेली हवा रबरातून अगदी सावकाश बाहेर झिरपत असते आणि वाटेत आतल्या रबरालाही जुनं करत जाते. हे लांबावं म्हणून टायर बनवताना रबरात मेणासारखी द्रव्यं मिसळतात. टायर फिरतो, दबतो, वळतो, तेव्हा ती पृष्ठभागावर येऊन त्याचं रक्षण करतात. उभ्या गाडीत ती नीट वर येत नाहीत. शिवाय उभ्या टायरची हवा उतरत जाते, ऊन एकाच बाजूने लागत राहतं. म्हणून ज्या गाडीची नक्षी सगळ्यात चांगली, तिचेच टायर कधीकधी सगळ्यात धोक्याचे असतात.

रेडियल टायरमध्ये नक्षीच्या खाली पोलादी तारांचे पट्टे असतात, आणि त्यांना धरून ठेवणारं रबर असतं. ते कडक झालं की पट्ट्यांच्या कडेपासून थर सुटायला लागतो. बहुतेकदा बाहेरून काहीच दिसत नाही. क्वचित स्टीअरिंगला हलकी थरथर जाणवते, चाकाखाली धपधप आवाज येतो, किंवा टायरला एका जागी फुगा दिसतो. यातलं काहीही जाणवलं तर प्रवास पुढे नेऊ नका. वेग आणि उष्णता वाढली की तो थर सोलून निघतो. महामार्गाच्या कडेला रबराच्या काळ्या पट्ट्या पडलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यातल्या काही अशाच निघालेल्या असतात.

ब्रिटनमधली एक घटना सांगतो. सप्टेंबर २०१२ मध्ये एका संगीत महोत्सवाहून तरुण मुलांना लिव्हरपूलला परत नेणारी बस सरे परगण्यात हाइंडहेडजवळ रस्त्याबाहेर जाऊन झाडावर आदळली. चालक आणि दोन तरुण प्रवासी गेले. फुटला होता तो पुढचा टायर. त्याची नक्षी नियमात बसणारी होती. वय मात्र साडेएकोणीस वर्षं, म्हणजे तो टायर त्या बसपेक्षाही जुना होता. मृतांपैकी एका मुलाच्या आईने जुन्या टायरांवर बंदी यावी म्हणून वर्षानुवर्षं लढा दिला. अखेर १ फेब्रुवारी २०२१ पासून तिथे बस आणि ट्रकच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुना टायर लावणं बेकायदा ठरलं. त्या बाईंबद्दल मला फार आदर वाटतो. पण जे एका मुलाच्या जाण्याने कायद्यात आलं, ते टायरच्या अंगावर लिहिलेलंच होतं.

हो, लिहिलेलं असतं. टायरच्या बाजूवर इंग्रजीत डी-ओ-टी अशी अक्षरं आणि पुढे एक लांब संकेत असतो. त्याच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१७ असं दिसलं तर तो टायर २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यात, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बनला. कधीकधी हे चार आकडे गाडीच्या आतल्या बाजूला येतात, तेव्हा वाकून, बॅटरीच्या उजेडात बघावं लागतं. कंटाळा करू नका. आणि डिकीतली स्टेपनी विसरू नका. ती गाडीबरोबर आलेली, कधी न लावलेली, म्हणून आपल्याला नवी वाटते. ती गाडीच्याच वयाची असते.

किती वर्षं चालवावा? बऱ्याच गाडी कंपन्या सहा वर्षं म्हणतात. टायर कंपन्या साधारणपणे सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या, आणि दहा वर्षांपुढे कितीही चांगला दिसला तरी काढून टाका. माझं मत विचाराल तर आपल्या उन्हात दहाची वाट बघू नये. चंद्रपूर, नागपूर, अकोल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात जातो, आणि उष्णता वाढली की रबराचं म्हातारपण लवकर येतं.

आता समृद्धी महामार्गाचा विचार करा. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर, आणि गाड्यांना ताशी १२० किलोमीटरपर्यंत परवानगी. जुन्या रस्त्याने जाताना गावं लागत, गतिरोधक लागत, चहाला थांबणं होई, तेवढ्यात टायर निवत. इथे तासन्‌तास एकच वेग. त्यात हवा कमी असेल तर टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो आणि आतून तापत जातो. टायर फुटला की लोक सिमेंटच्या रस्त्याला बोल लावतात. त्याआधी टायरचं वय आणि हवा बघितली होती का, हे विचारायला हवं. प्रवासाला निघण्यापूर्वी, टायर थंड असताना, हवा दाराच्या खांबावरच्या चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे भरावी. वाटेत तापल्यावर आकडा वाढलेला दिसला म्हणून ती कमी करू नये. नायट्रोजन भरल्याने हवा थोडी सावकाश उतरते, पण म्हातारं रबर त्याने तरुण होत नाही.

अपघात व्हायला जुना टायर फुटलाच पाहिजे असंही नाही. कडक झालेलं रबर रस्ता धरत नाही. जूनच्या पहिल्या सरीत रस्ता निसरडा असतो, आणि एप्रिल २०१९ पूर्वीच्या पुष्कळ गाड्यांना चाक अडू न देणारी एबीएस यंत्रणा नाही. ब्रेक दाबला की चाक अडतं आणि गाडी घसरत जाते. हे अपघात "ब्रेक लागला नाही" म्हणून सांगितले जातात.

"गाडीची किंमत लाखभर, तिला इतक्या खर्चाचे टायर कशाला?" असं मी पुष्कळांकडून ऐकतो. ही काटकसर मला समजते. गाडी मुलांच्या शिक्षणाचे, औषधपाण्याचे खर्च सांभाळून चालवलेली असते. पण टायर गाडीच्या किमतीवर ठरवू नका, तिच्यात कोण बसणार आहे यावर ठरवा. दुसरं कोणी तुम्हाला टायरचं वय विचारणार नाही. पीयूसीत धूर तपासतात, टायर नाही. खासगी गाडीची नीट तपासणी होते ती पंधरा वर्षांनी, पुन्हा नोंदणी करताना. चारही टायर एकदम जमत नसतील तर दोन घ्या, आणि नवे दोन मागच्या चाकांना लावा, गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाणारी असली तरीही. मागची पकड सुटली तर गाडी गरकन फिरते आणि तिला सावरणं फार अवघड असतं.

आणि धावताना टायर फुटलाच, तर ब्रेकवर पाय मारू नका. स्टीअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा, वेग आपोआप उतरू द्या, मग सावकाश कडेला घ्या.

दुकानात गेलात की टायर चढवण्याआधीच चार आकडे वाचा. नवा म्हणून दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला देत असतील तर दुसरा मागा. सेकंडहँड टायर पॉलिश मारून काळाभोर केलेला असतो, तो घेऊ नका. आणि तुमचे उतरवलेले जुने टायर दुकानात तसेच ठेवून येऊ नका. त्यांची बाजू तुमच्यासमोर सुरीने कापून घ्या, म्हणजे ते पुन्हा कोणाच्या गाडीला चढणार नाहीत.