बाजूच्या रुळावरची गाडी

आगगाडीवर बालगीतं झाली, सिनेमातली गाणी झाली. मालगाडीच्या वाट्याला मात्र फारसं काही आलं नाही. बिचारी लूप लाइनला उभी, आणि आपण खिडकीतून तिच्या वाघिणी मोजत पुढे जातो. खरं तर आपल्या तिकिटाचा बराचसा भार तीच ओढते. प्रवासी गाड्यांत रेल्वेला येणारी तूट कोळसा, सिमेंट, लोखंड, धान्य यांच्या भाड्यातून भरून निघते.

माझे मामू भुसावळला मालगाडीवर ड्रायव्हर होते. हल्ली त्या पदाला लोको पायलट म्हणतात. "मामू, परत कधी येणार?" असं विचारलं की म्हणायचे, "सिग्नलला विचार, बेटा."

या गाड्यांची इंजिनं बघता बघता बदलली. कसाऱ्याच्या घाटात सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा चढ. तिथे मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. १९२८ साली घाटांसाठी विजेवर चालणारं एक लांबुळकं इंजिन आलं. वळणावर ते अंग मोडून वळायचं. रेल्वेवाले त्याला 'खेकडा' म्हणत. ताकद सुमारे २६०० अश्वशक्ती. नव्वदीच्या दशकात ६००० चं आलं. ते घाट उतरताना ब्रेक लावला की वीज तारेत परत देतं. २०२० पासून बिहारातल्या मधेपुऱ्याचं १२,००० अश्वशक्तीचं जोडइंजिन धावू लागलं. त्याच्या देखभालीचा एक डेपो आपल्या नागपुरात आहे. २०२५ मध्ये दाहोदहून ९००० चं निघालं.

एवढी ताकद वाढली, पण मालगाडीचा सरासरी वेग वर्षानुवर्षं ताशी २५ किलोमीटरच्या आसपासच घुटमळला. इंजिन काय करणार? रूळ एकच, आणि मान प्रवासी गाडीचा. २०२०-२१ मध्ये प्रवासी गाड्या थांबल्या, तर हाच वेग ४० च्या पुढे गेला. १९ एप्रिल २०२१ ला कळंबोलीहून ऑक्सिजनचे सात रिकामे टँकर विशाखापट्टणमला निघाले. वाघिणीवर चढवल्यावर टँकरची उंची घाटात चालेना, म्हणून वसई-सुरत-भुसावळ असा वळसा घेतला. तरी साडेअठराशेच्या वर किलोमीटर पन्नासएक तासांत कापले, कारण वाट मोकळी ठेवली होती.

मालगाड्यांसाठी वेगळे रूळ टाकण्याचं काम त्यासाठीच हाती घेतलं. पश्चिमेकडचा मार्ग दादरीहून थेट न्हावाशेव्यापर्यंत आखला आहे. माझ्या मते नव्या इंजिनापेक्षा हे अधिक गरजेचं होतं.

वाट पाहणं काही फक्त मालाचं नसतं. इंजिनात ड्रायव्हर आणि त्याचा सहायक अशी दोनच माणसं. सिग्नल कधी पडेल याचा नेम नाही, म्हणून इंजिन सोडून जाता येत नाही. आता या कामावर मुलीही आहेत. इंजिनांत शौचालयं बसवायला सुरुवात झाली आहे, पण अजून सगळ्या इंजिनांत ती नाहीत.