तिसऱ्या पिढीची भाषा

(भुसावळ येथे रेल्वे कामगारांपुढे केलेल्या भाषणातील काही भाग)



परमुलखी गेलेल्या माणसांच्या नातवंडांनी पूर्वजांची भाषा सोडली की आपण त्यास कृतघ्नता म्हणतो. हा निवाडा घाईचा आहे.

बेने इस्रायली समाज पाहा. कोकणात हे लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी ते बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांस ‘शनवार तेली’ म्हटले. पुढे त्यांतील अनेकजण मुंबईस आले. कित्येक तुमच्यासारखेच रेल्वेच्या नोकरीत शिरले. घरची बोली मराठी, बायबलमधील कथांवरची कीर्तनेही मराठीतच. १९४८ साली इस्रायलची स्थापना झाल्यावर हजारो बेने इस्रायली तिकडे गेले. परंतु स्वधर्मीयांच्या त्या राष्ट्रातही, १९६०च्या दशकाच्या आरंभी, विवाहाच्या वेळी धर्मपीठ त्यांच्या वंशाची चौकशी करू लागले. त्यांनी निदर्शने केली, धरणे धरले. अखेर १९६४ साली तेथील संसदेने त्यांचे समान स्थान मान्य केले. शाळा, सैन्य आणि कारखाना यांची भाषा हिब्रू. तेव्हा मुले हिब्रू बोलू लागली, नातवंडांची मराठी तुटक झाली. तरी मलिद्याचा विधी टिकला आणि १९८५ साली तेथे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही निघाले.

आता जपानमधील कोरियन लोक पाहा. १९१० ते १९४५ या काळात कोरिया जपानच्या अमलाखाली होता. तेव्हा लक्षावधी कोरियन मजूर म्हणून जपानला गेले. जे तेथेच राहिले, त्यांचे जपानी नागरिकत्व १९५२ साली काढून घेण्यात आले. त्यांची नातवंडे तेथेच जन्मली, जपानीच बोलू लागली; तरी कायद्याने परकीच राहिली. बोटांचे ठसे देण्याच्या सक्तीविरुद्ध त्यांना १९८०च्या दशकात लढावे लागले. ती सक्ती १९९३ साली उठली.

म्हणजे भाषा सोडल्याने समता मिळत नाही. बेने इस्रायलींना ती झगडून मिळवावी लागली. कोरियनांना भाषा गमावूनही मिळाली नाही. मग भाषा हे समतेचे मूल्य म्हणून मागावयाचे कोणत्या न्यायाने?

हा प्रश्न दूरचा नव्हे. भुसावळच्या रेल्वे वसाहतींत नाना प्रांतांची माणसे आली. त्यांच्या नातवंडांना आपण आजही विचारतो, “तुम्ही मूळचे कुठले?” आजीची भाषा घरात ठेवावी की नाही, हे त्यांचे त्यांनी ठरवावे. भाड्याची खोली, नोकरी आणि शाळेतील बाक देताना मात्र त्यांचा मुलूख विचारण्याचा अधिकार आपणांस नाही.