शंभर दाण्यांची शाळा
(सुवर्णमहोत्सवी सभेतील भाषण)



आम्ही गाव सोडून इतक्या दूर आलो ते शिक्षणाच्या बळावर. 'शिकला नाहीस तर ढोरे राखशील' हा धाक आम्ही लहानपणी ऐकला आणि पुढे आमच्या मुलांनाही घातला. त्या धाकाने आमचे कल्याण झाले. परंतु ज्यांना गावातच राहावयाचे होते त्यांच्या पदरी शाळेने काय घातले? शेतीची लाज तेवढी घातली. नोकरी काही सर्वांना पुरली नाही.

हा दोष जाणत्यांनी फार पूर्वी ओळखला होता. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळ या अवर्षणग्रस्त गावी विज्ञान आश्रम स्थापिला. तेथे आखलेल्या अभ्यासक्रमात माध्यमिक शाळेतील मुले आठवड्यातून एक दिवस हातांनी काम करून शिकतात. शेती आणि पशुपालन हा त्याचाच एक भाग.

अशा शिक्षणाने दारिद्र्य कसे हटेल, असे कोणी विचारील. एक साधे उदाहरण घेऊ. पेरणीपूर्वी सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटावर ओळीने मांडावेत, गुंडाळी करून सावलीत ठेवावी, अधूनमधून पाणी शिंपडावे आणि आठवड्याने कोंब मोजावेत. ७० किंवा अधिक दाणे उगवले तर बियाणे चांगले. थोडे कमी उगवले तर त्या मानाने बियाणे वाढवावे. फारच कमी उगवले तर ते पेरूच नये. शेकडेवारीचा हा धडा जो मुलगा घरी नेतो, तो निकृष्ट बियाण्यापायी येणारी दुबार पेरणी टाळू शकतो, आणि तिच्यासाठी काढावे लागणारे कर्जही.

कौशल्याने कोरडी विहीर भरत नाही, की दोन एकरांचे चार होत नाहीत, हे आम्ही विसरत नाही. पाऊस, पाणी आणि बाजारभाव मुलाच्या हाती नाहीत. परंतु जे हाती आहे तेही अज्ञानाने गमवावे, हे शाळा असलेल्या गावाला शोभत नाही.

म्हणून आमची एवढीच विनंती : सुटीत गावी जाल तेव्हा आपल्या जुन्या शाळेत डोकावा. तेथील मुलांना शहराच्या गोष्टी अवश्य सांगा. पण तो जुना धाक मात्र पुन्हा घालू नका.