लॅपटॉपची किंमत आणि त्याचे मोल
(कोरेगाव तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांसाठी दिलेले भाषण)



कोरेगाव तालुक्यातील शेतकरी वाघ्या घेवड्याचे बियाणे घेतो, तेव्हा तो नुसता भाव विचारून थांबत नाही. दाणा हातावर घेऊन तो भरलेला आहे की पोचट हे पाहतो, आणि गतवर्षी ते बियाणे कोणाच्या रानात कसे उगवले याची चौकशी करतो. पुसेगावच्या यात्रेत बैल घेणारा मनुष्य दात पाहिल्यावाचून व चालवून पाहिल्यावाचून इसार देत नाही. परंतु शाळेसाठी लॅपटॉप घेण्याची वेळ आली म्हणजे हाच चोखंदळ समाज पुष्कळदा एकच प्रश्न विचारतो : सर्वांत स्वस्त कोणता? प्रश्न वाजवी आहे, पण अपुरा आहे; आणि अपुऱ्या प्रश्नाचे उत्तर शाळेला पुढे कित्येक वर्षे भोगावे लागते.

शाळेचा पैसा पुष्कळदा लोकवर्गणीचा असतो. ज्या जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि घरोघरच्या मूठभर धान्यावर वसतिगृहे चालविली, त्या जिल्ह्यातील शिक्षकास अशा पैशाचे मोल निराळे सांगावयास नको. एकदा चुकलेली खरेदी दुसऱ्यांदा करण्यासाठी गाव पुन्हा वर्गणी देईलच असे नाही.

स्वस्त लॅपटॉपचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. प्रत्येक मुलाच्या हाती १०० डॉलरचा लॅपटॉप देण्याची योजना २००५ साली जाहीर झाली. तिचा भारतातील पहिला प्रयोग २००७ साली रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात, खैरात या लहानशा गावच्या एकशिक्षकी शाळेत झाला. यंत्राची घडण मोठ्या विचाराने केलेली होती. पडदा साडेसात इंचांचा, पण उन्हातही वाचता येणारा. वीज अत्यल्प लागणारी. धूळ आणि मुलांची हाताळणी सोसणारी. मात्र १०० डॉलरची किंमत साधली नाही. ती २०० डॉलरच्या जवळपास राहिली. याच योजनेचे लॅपटॉप पेरू देशातील ग्रामीण शाळांत मोठ्या संख्येने वाटण्यात आले. २०१२ साली त्यांची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा गणित व भाषा या विषयांतील गुणांत वाढ झाल्याचे आढळले नाही.

या इतिहासातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. यंत्र कोठे आणि कशासाठी वापरावयाचे हे आधी ठरवून केलेली निवडच शहाणपणाची ठरते, ही पहिली. आणि शिकविण्याची योजना हाताशी नसेल, तर उत्तम यंत्रही कपाटाची शोभा होते, ही दुसरी. म्हणून तुलनेची सुरुवात दुकानात होत नाही. ती शाळेत, कोऱ्या कागदावर होते. हजेरी व शासकीय माहिती भरणे, मराठीत प्रश्नपत्रिका तयार करणे, प्रोजेक्टरवर पाठाची चित्रफीत दाखविणे, ही शाळेची सामान्य कामे आहेत. त्यांस महागडे यंत्र लागत नाही; पण अगदी दुबळे यंत्रही पुरत नाही.

कामे ठरली की पुढील अंगांनी तुलना करावी.

पहिले अंग रॅमचे. रॅम म्हणजे काम करावयाचे टेबल. टेबल लहान असले की एक वही मिटल्याशिवाय दुसरी उघडता येत नाही. विंडोज ११ ही प्रणाली ४ जीबी रॅमवर चालते खरी, परंतु ती किमान मर्यादा आहे. सुखाने काम करण्यास ८ जीबी असावी. पुष्कळ स्वस्त यंत्रांत रॅम कायमची डाख देऊन बसविलेली असते व नंतर वाढविता येत नाही. हा प्रश्न पैसे देण्यापूर्वीच विचारावा.

दुसरे अंग साठ्याचे. ईएमएमसी या प्रकारचा ६४ जीबी साठा असलेले यंत्र स्वस्त पडते. पण त्यातील बराचसा भाग प्रणालीच व्यापते, आणि पुढे अद्ययावत करतानाही जागा अपुरी पडते. २५६ जीबीची एसएसडी अधिक वेगवान असते, आणि बहुधा बदलताही येते.

तिसरे अंग प्रोसेसरचे, आणि फसगत येथेच फार होते. ‘आय-३’ हे नाव मोठे वाटते. परंतु २०१२ सालचा आय-३ आणि अलीकडचा आय-३ यांत केवळ नावाचे साम्य आहे. २०२३ साली आलेला एन-१०० हा साधा प्रोसेसर त्या जुन्या आय-३ पेक्षा वेगवान असून वीज कितीतरी कमी घेतो. बैलाचे वय दातांवरून कळते, तसे प्रोसेसरचे वय त्याच्या पूर्ण क्रमांकावरून कळते. म्हणून दुकानदाराकडून पूर्ण क्रमांक लिहून घ्यावा. विंडोज १० ची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीच्या बहुतेक सर्व प्रोसेसरांना विंडोज ११ ची अधिकृत मान्यता नाही. जुने यंत्र लिनक्सवर चालविता येते, हे खरे. पण ते चालविणारा शिक्षक शाळेत असावा लागतो.

चौथे अंग बॅटरीचे. जाहिरातीत ‘अमुक तासांपर्यंत’ असे लिहिलेले असते. त्यातील ‘पर्यंत’ हा शब्द नीट वाचावा. बॅटरीची क्षमता वॉट-तासांत दिलेली असते. ४० वॉट-तासांची बॅटरी आणि सरासरी ८ वॉटचा वापर असेल, तर यंत्र ५ तास चालेल. हे गणित चौथीचा विद्यार्थीही करू शकेल.

यांखेरीज पडदा खिडकीजवळच्या उजेडात वाचता येतो काय, शाळेतील प्रोजेक्टरची जोडणी यंत्राला बसते काय, मराठी टंकलेखन सुलभ होते काय, आणि बिघाड झाल्यास दुरुस्ती साताऱ्यात होते की यंत्र पुण्याला पाठवावे लागते, हेही पाहावे. लेखनाची आज्ञावली एक वर्षापुरतीच फुकट नाही ना, याचीही खात्री करावी; लिबर ऑफिस ही विनामूल्य आज्ञावली शाळेच्या कामास पुरते व मराठीतही मिळते.

आता किमतीकडे वळावे. उदाहरणादाखल काही आकडे घेऊ. पहिला लॅपटॉप १८,००० रुपयांचा असून ३ वर्षे टिकला, तर वर्षाचा खर्च ६,००० रुपये होतो. दुसरा ३०,००० रुपयांचा आहे. चौथ्या वर्षी ३,००० रुपयांची नवी बॅटरी घालून तो ६ वर्षे चालला, तर एकूण ३३,००० रुपये, म्हणजे वर्षाला ५,५०० रुपये पडले. महाग दिसणारा लॅपटॉप येथे स्वस्त ठरला. तिसरा कार्यालयात वापरलेला, दुरुस्त केलेला. किंमत १५,००० रुपये, बॅटरी व एसएसडी यांचे ६,००० रुपये, मिळून २१,०००. तो ३ वर्षे चालला तर वर्षाला ७,००० रुपये, आणि ४ वर्षे चालला तर ५,२५० रुपये. जुन्या मालाचा सारा न्याय त्याच्या उरलेल्या आयुष्यावर अवलंबून आहे. तेव्हा त्याची पिढी, बॅटरीची उरलेली क्षमता आणि लेखी हमी पाहिल्याविना तो घेऊ नये.

खरेदीच्या वेळी तीन दरपत्रके मागविण्याची रीत शिक्षकांच्या परिचयाची आहे. रीत चांगली आहे. पण तीन दुकानदारांनी तीन निरनिराळ्या वस्तूंचे दर दिले, तर सर्वांत कमी दर निवडणे म्हणजे तुलना नव्हे. पोचट दाणा भरल्या दाण्यापेक्षा स्वस्त असणारच. म्हणून रॅम, साठा, प्रोसेसरचा क्रमांक, बॅटरी, हमीचा काळ व दुरुस्तीचे ठिकाण या अटी आधी लिहाव्यात, शाळा व्यवस्थापन समितीपुढे वाचाव्यात, आणि मग सर्वांकडून त्याच अटींवर दर मागवावेत. समान मालात जो स्वस्त, तोच खरा स्वस्त. पैसे देण्यापूर्वी अर्धा तास बसून शाळेची कामे त्या यंत्रावर प्रत्यक्ष करून पाहावीत. बैल चालवून पाहावयाचा तो असा.

तुलनेचा तक्ता शाळेच्या दप्तरी जपून ठेवावा. वर्गणी देणाऱ्या शेतकऱ्याने उद्या विचारले, “गुरुजी, यापेक्षा स्वस्त मिळत होता म्हणे?” तर शिक्षकाने तो त्याच्यापुढे ठेवावा. बियाणे पारखणाऱ्या मनुष्यास तो समजण्यास वेळ लागणार नाही.