चौघांची सही



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींच्या भुवया उंचावल्या असतील. अमेरिकेतील एका रॉक बँडच्या ध्वनिमुद्रिका हा काय व्याख्यानाचा विषय झाला? ज्याला ऐकायच्या त्याने ऐकाव्यात, त्यात बोलायचे काय? हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. म्हणून गाण्यांचे रसग्रहण आम्ही फारसे करणार नाही. त्या गाण्यांचे श्रेय कोणाला, हे सांगणारी जी एक ओळ असते तिच्याबद्दल बोलणार आहोत. कारण चार माणसे मिळून एखादे काम करू लागली, की आज ना उद्या जो प्रश्न उभा राहतो त्याचे एक उत्तर त्या ओळीत आहे. ते उत्तर बरोबर की चूक हे ठरवण्याचे साधनही या बँडच्या ध्वनिमुद्रिकांतच सापडते.

बँडचे नाव आर. ई. एम. अमेरिकेच्या दक्षिण भागातील जॉर्जिया राज्यात अथेन्स नावाचे गाव आहे. नाव ग्रीसमधल्या प्राचीन नगरीचे, पण गाव बेताचे. जॉर्जिया विद्यापीठ तिथे असल्यामुळे विद्यार्थ्यांनी गजबजलेले. मायकेल स्टाइप हा तिथे चित्रकलेचा विद्यार्थी होता. पीटर बक हा ध्वनिमुद्रिकांच्या दुकानात कामाला होता. माइक मिल्स आणि बिल बेरी हे त्याच राज्यातल्या मेकन गावचे शाळासोबती. स्टाइप गाणारा, बक गिटार वाजवणारा, मिल्स बेस गिटार धरणारा आणि बेरी ड्रमवर. ५ एप्रिल १९८० रोजी, एका जुन्या चर्चच्या इमारतीत, एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला हे चौघे प्रथम एकत्र वाजले. नाव शोधायचे म्हणून त्यांनी शब्दकोश उघडला आणि त्यातून ही तीन अक्षरे उचलली. बारशाला याहून कमी खर्च क्वचितच कोणी केला असेल.

अशा बँडांच्या संगीताला पुढे 'ऑल्टरनेटिव्ह रॉक' असे नाव पडले. त्याचा अर्थ एवढाच, की मोठ्या कंपन्या आणि मोठी नभोवाणी केंद्रे ज्या मालाची जाहिरात करीत होती त्याला हा पर्याय होता. लहान कंपनीने काढलेल्या तबकड्या, महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी चालवलेली नभोवाणी केंद्रे, आणि मोटार भाड्याने घेऊन गावोगाव केलेले कार्यक्रम, ही या संगीताची रहदारीची वाट. आर. ई. एम. ची पहिली तबकडी 'रेडिओ फ्री युरोप' १९८१ मध्ये हिब-टोन नावाच्या अशाच एका चिमुकल्या कंपनीने काढली. याच गाण्याला पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या २००९ च्या यादीत स्थान दिले.

आता ती ओळ. दुसऱ्यांची उसनी घेतलेली किंवा बाहेरच्या कोणाचा हात लागलेली काही थोडी गाणी वगळली, तर चौघे एकत्र असेपर्यंत या बँडच्या प्रत्येक गाण्याचे श्रेय चौघांच्या नावे असे: बेरी, बक, मिल्स, स्टाइप. इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने. चाल एकाला सुचलेली असो, शब्द एकट्या स्टाइपचे असोत, श्रेय चौघांचे आणि मिळकतही चौघांची सारखी. शिवाय कोणत्याही एकाने नको म्हटले, की ती गोष्ट करायची नाही, असाही शिरस्ता होता.

रॉक संगीताच्या व्यवहारात ही गोष्ट साधी नाही. तिथे गाणे लिहिणाऱ्याला स्वतंत्र मानधन मिळत राहते. नुसते वाजवणाऱ्याला ते मिळत नाही. परिणामी बँड प्रसिद्धीला आला, की एक सभासद बंगला बांधतो आणि दुसरा भाड्याच्या खोलीत राहतो. मग प्रत्येकजण आपलेच गाणे ध्वनिमुद्रिकेत जावे म्हणून भांडतो. या चौघांनी भांडणाचे मूळच काढून टाकले. कोणी किती केले, हे मोजायचेच नाही असे ठरवले.

त्यांच्या मोठ्या ध्वनिमुद्रिका, ज्यांना आल्बम म्हणतात, त्या एकूण पंधरा. या पंधरांचे पाच-पाचांचे तीन गट सहज पडतात. पहिल्या पाच आय. आर. एस. या लहान कंपनीच्या, १९८३ ते १९८७. पुढच्या पाच वॉर्नर ब्रदर्स या बलाढ्य कंपनीच्या, १९८८ ते १९९६. शेवटच्या पाच त्याच कंपनीच्या, पण दुसऱ्या कराराखाली, १९९८ ते २०११.

पहिला आल्बम 'मर्मर'. कंपनीने आधी एक तज्ज्ञ निर्माता दिला. त्याने एकच गाणे पुन:पुन्हा वाजवून घेतले आणि वर यंत्रांचे सूर चढवले. चौघे हिरमुसले. त्यांनी कंपनीला विनंती करून मिच ईस्टर हा आपला जुना सहकारी मागून घेतला, आणि त्याने डॉन डिक्सनच्या साहाय्याने हा आल्बम ध्वनिमुद्रित केला. त्यात स्टाइपचे शब्द नीट कळतच नाहीत. आवाज वाद्यांच्या मागे, धुक्यात उभा असल्यासारखा. ख्यालगायनात बंदिशीचे शब्द कळले नाहीत म्हणून आपण उठून जात नाही. स्वर आपल्याला धरून ठेवतो. तसेच काहीसे इथे घडले. 'रोलिंग स्टोन' नियतकालिकाने १९८३ चा सर्वोत्तम आल्बम म्हणून 'मर्मर'ची निवड केली. मायकेल जॅक्सनचा 'थ्रिलर' त्या वर्षी जग गाजवत होता, हे लक्षात घेतले म्हणजे या निवडीचे महत्त्व कळते.

पुढे दरवर्षी एक याप्रमाणे 'रेकनिंग', 'फेबल्स ऑफ द रिकन्स्ट्रक्शन', 'लाइफ्स रिच पेजंट' आणि 'डॉक्युमेंट' आले. चौथ्या आल्बमच्या वेळी निर्माता डॉन गेमन याने स्टाइपला शब्द स्पष्ट उच्चारायला लावले. धुके हळूहळू विरळ झाले. १९८७ मध्ये 'द वन आय लव्ह' हे गाणे अमेरिकेतील पहिल्या दहांत गेले आणि मोठ्या कंपन्यांची दारे उघडली. वॉर्नरसाठी केलेला पहिला आल्बम 'ग्रीन' हा ८ नोव्हेंबर १९८८ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या दिवशीच, बाजारात आला.

मग १९९१ साली 'आउट ऑफ टाइम' आला आणि त्यातले 'लूझिंग माय रिलिजन' हे गाणे जगभर पोचले. नावावरून आपला गैरसमज होईल. धर्म सोडण्याशी त्याचा संबंध नाही. संयम सुटणे, मेटाकुटीला येणे, अशा अर्थाचा तो अमेरिकेच्या दक्षिणेतला वाक्प्रचार आहे. पीटर बकने नुकतेच मँडोलीन विकत घेतले होते. दूरचित्रवाणीपुढे बसून तो हात बसवीत होता आणि तो सराव ध्वनिफितीवर टिपला जात होता. त्या सरावातून ही चाल निघाली. गाण्याचे चित्रीकरण केले तर्सेमसिंग या जालंधरला जन्मलेल्या दिग्दर्शकाने. स्वप्नासारखे आणि भावनांनी ओथंबलेले असे, एका जातीच्या हिंदी चित्रपटांतले वातावरण त्याला हवे होते. आल्बम अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. १९९२ मध्ये बँडला तीन ग्रॅमी पारितोषिके मिळाली.

त्याच आल्बमची आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. अमेरिकेत तेव्हा सी.डी. पुठ्ठ्याच्या लांबट खोक्यातून विकली जाई. या खोक्याच्या पाठीवर एक अर्ज छापला होता. वाहन परवाना काढतानाच मतदार म्हणून नाव नोंदवता यावे, असा कायदा सिनेटने करावा, अशी त्यात मागणी होती. तरुणांनी ते अर्ज कापून, सह्या करून पाठवले. तो कायदा १९९३ मध्ये झाला. अर्थात् केवळ या खोक्यामुळे झाला असे कोणी म्हणणार नाही. पण फेकून द्यायच्या पुठ्ठ्याचाही सार्वजनिक उपयोग करता येतो, हे दिसले.

१९९२ मध्ये 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल' आला. हे शब्द अथेन्समधल्या एका खाणावळीचे घोषवाक्य होते. मृत्यू, वियोग, सरलेले तारुण्य हे या आल्बमचे विषय. त्यातले 'एव्हरीबडी हर्ट्स' हे गाणे निराश झालेल्या माणसाला धीर देण्यासाठी लिहिलेले आहे, आणि त्याचे शब्द मुद्दाम बाळबोध ठेवले आहेत. १९९५ मध्ये ब्रिटनमधील समॅरिटन्स या संस्थेने आत्महत्येच्या विचारात असलेल्या तरुणांसाठी जाहिरात केली; तिच्यात या गाण्याचे शब्द आणि मदतीचा दूरध्वनी क्रमांक, एवढेच होते. ज्या गायकाचे शब्द पूर्वी कोणाला कळत नसत, त्याच्या गाण्याचे शब्द आता जीव वाचवण्यासाठी छापले जाऊ लागले.

परंतु आमच्या मुद्द्याच्या दृष्टीने या गाण्याची खरी गंमत वेगळी आहे. त्याचा बराचसा भाग रचला तो बिल बेरीने, म्हणजे ड्रमवाल्याने! आणि मूळ ध्वनिमुद्रणात त्याने ड्रम वाजवले नाहीत; त्या जागी साधे ताल देणारे यंत्र लावले. ते यंत्रही त्यानेच जुळवले. गाण्याला काय हवे आणि काय नको, हे ओळखून स्वत:चे वाद्य बाजूला ठेवणारा हा वादक. पण श्रेयाच्या ओळीत काय आहे? बेरी, बक, मिल्स, स्टाइप. नेहमीचेच.

इथे चिकित्सक श्रोता विचारील, की मग ही सही खोटी नव्हे काय? ज्याने केले त्याचे नाव झाकायचे आणि सर्वांचे पुढे करायचे, हा कुठला न्याय? आक्षेप बिनतोड वाटतो. जगाने त्या चौघांत गाणाऱ्याचा चेहरा पाहिला, गिटारवाल्याचे हात पाहिले. ड्रमवाला मागे बसलेला. समान सहीमुळे भांडण टळले खरे, पण बेरीचे मोल लोकांना कळण्याचा मार्गही बंद झाला.

ते मोल कळले, पण फार निराळ्या रीतीने. १ मार्च १९९५ रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे कार्यक्रम चालू असता बेरी कोसळला. मेंदूतली रक्तवाहिनी फुगून फुटली होती. शस्त्रक्रिया झाली, तो वाचला, पुन्हा दौऱ्यावर वाजवूही लागला. त्याच दौऱ्यात मिल्स आणि स्टाइप यांच्यावरही शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. त्या वाटचालीत जमलेल्या गाण्यांतून १९९६ चा 'न्यू ॲडव्हेंचर्स इन हाय-फाय' तयार झाला. त्याच वर्षी वॉर्नरबरोबर आणखी पाच आल्बमांचा करार झाला. त्याची रक्कम ८ कोटी डॉलर असल्याचे वृत्तपत्रांनी छापले.

आणि १९९७ च्या ऑक्टोबरात बेरीने बँड सोडला. भांडण नव्हते. पूर्वीचा उत्साह उरला नाही, एवढेच त्याचे म्हणणे. आपल्या जाण्याने बँड मोडणार असेल तर आपण जाणार नाही, असेही त्याने सांगितले. तिघांनी चालू ठेवण्याचे वचन दिले, तेव्हा तो गेला आणि अथेन्सजवळ शेतात गवत पिकवू लागला. तीन पायांचा कुत्राही कुत्राच असतो, त्याला फक्त वेगळे धावायला शिकावे लागते, अशा अर्थाचे उद्गार स्टाइपने काढले.

वेगळे धावणे सोपे नव्हते. १९९८ च्या 'अप' या आल्बमच्या वेळी तिघे जवळजवळ फुटलेच होते. त्यात यंत्राचे ताल आले, बाहेरचे वादक आले. ध्वनिमुद्रिकेसोबत सर्व गाण्यांचे शब्द छापून देण्याची पद्धतही याच आल्बमपासून सुरू झाली. म्हणजे शब्द स्वच्छ वाचता येऊ लागले ते चौथा गडी गेल्यावर. २००१ चा 'रिव्हील' संथ आणि गोड. २००४ चा 'अराउंड द सन' इतका निस्तेज, की कंटाळलेल्या माणसांनी केलेले काम कंटाळवाणेच ऐकू येते, असा शेरा खुद्द बकनेच पुढे मारला. पहिल्या दहा आल्बमांत जी घट्ट वीण होती ती सैल झाली. शब्द होते, गिटार होती, गळाही होता. मग उणे काय होते? त्या ओळीत सर्वांत आधी येणारे नाव!

आमच्या मते ही त्या सहीची कसोटी होती, आणि सही तिला उतरली. कोणी किती केले हे मोजले असते, तर बेरीच्या नावावर गाण्यांची एक लहानशी यादी आली असती. परंतु त्याचा वाटा यादीत मावणारा नव्हता. तो दुसऱ्यांच्या गाण्यांतही होता: कुठे थांबायचे, काय गाळायचे, हे सांगण्यात होता. तो गेल्यावर ज्या जागा रिकाम्या झाल्या त्यांवर त्याचे नाव कोणत्याही वाटणीत लिहिलेले सापडले नसते. तात्पर्य, समान सही ही खोटी नव्हती. मोजमापाने जे सांगता आले नसते तेच ती सांगत होती. तथापि तिची किंमतही आम्ही लपवू इच्छित नाही. माणसाचे मोल तो गेल्यावर कळावे, ही काही आदर्श व्यवस्था नव्हे. समान श्रेय देणाऱ्यांनी, शेजारी बसलेल्याला त्याचे मोल तोंडाने सांगण्याची जबाबदारी अधिकच घेतली पाहिजे.

तिघांनी वचन मात्र पाळले. २००८ च्या 'ॲक्सेलरेट'मध्ये त्यांनी झटपट, सुमारे ३५ मिनिटांत आटोपणारी तडफदार गाणी केली. मार्च २०११ मध्ये 'कोलॅप्स इन्टू नाउ' आला, आणि करारातले पाचही आल्बम पुरे झाले. २१ सप्टेंबर २०११ रोजी त्यांनी बँड विसर्जित केल्याचे जाहीर केले. निरोपाचा दौरा नाही, तिकिटांचा बाजार नाही. दुकान चालू असताना फळी लावणे फार थोड्यांना जमते.

१३ जून २०२४ रोजी न्यूयॉर्कमध्ये गीतकारांच्या 'साँगरायटर्स हॉल ऑफ फेम'मध्ये त्यांचा समावेश झाला. तो सन्मान गाणी रचणाऱ्यांचा होता, आणि तो घ्यायला चौघे उभे होते. ड्रमवालाही गीतकार म्हणूनच उभा होता. त्या प्रसंगी चौघांनी मिळून 'लूझिंग माय रिलिजन' वाजवले.

आपल्यापैकी कोणी सहकारी पतपेढी चालवीत असतील, कोणी नाटक मंडळी, कोणी भावाभावांचे दुकान. अमुक काम कोणाचे, हा प्रश्न तिथेही निघतच असणार. त्या वेळी चार नावांची ही ओळ कोणाला आठवली, तर आमच्या बोलण्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.