घोडेस्वारीच्या स्पर्धेतले स्वयंसेवक

(प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज मी तुम्हाला घोड्यांच्या चार गोष्टी सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आमच्याकडे बैल आहेत, शेळ्या आहेत. घोडा आमच्या काय कामाचा?" तुमचे म्हणणे बरोबर आहे. पण मला सांगायचे आहे ते घोड्यापेक्षा माणसांविषयी. घोडा पळतो, स्वार जिंकतो, लोक टाळ्या वाजवतात. त्या वेळी मैदानाच्या कडेला काही माणसे उभी असतात. त्यांना पगार नसतो. बक्षीस नसते. पण ती नसली तर स्पर्धा होत नाही. त्यांना स्वयंसेवक म्हणतात.

मी मुलुंडचा राहणारा. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली ही आज मुंबईची उपनगरे आहेत. माझ्या वडिलांच्या लहानपणी ती गावेच होती. स्टेशनाबाहेर टांगे उभे असत. पुढे बस आल्या, रिक्षा आल्या, टांगे गेले. मुंबई शहरात व्हिक्टोरिया नावाच्या घोडागाड्या होत्या. उच्च न्यायालयाने २०१५ साली त्याही बंद करण्याचा हुकूम दिला.

मग मुंबईत घोडा राहिला कुठे? महालक्ष्मीला. मुलुंडहून लोकल धरायची, दादरला गाडी बदलायची आणि महालक्ष्मीला उतरायचे. तिथे मोठे रेसकोर्स आहे. तिथल्या शर्यतींवर लोक पैसे लावतात. त्याविषयी मी बोलणार नाही. पण त्याच जागी अमॅच्युअर रायडर्स क्लब नावाची संस्था आहे. तिथे मुले-मुली घोड्यावर बसायला शिकतात. घोडेस्वारीच्या स्पर्धाही होतात. या स्पर्धा म्हणजे नुसते पळणे नव्हे. त्यांचे मुख्य तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार ड्रेसाज. यात स्वाराने तोंडाने हाक न देता, नुसत्या इशाऱ्यावर घोडा चालवायचा, वळवायचा, तिरका न्यायचा, थांबवायचा. मैदान ६० मीटर लांब आणि २० मीटर रुंद असते. त्याच्या कडेला काय लावलेले असते, सांगा पाहू? अक्षरे! पाट्यांवर ए, के, ई, एच अशी इंग्रजी अक्षरे असतात. या अक्षरापाशी वळायचे, त्या अक्षरापाशी थांबायचे, असा नियम असतो. म्हणजे बघा, घोड्याचा खेळसुद्धा अक्षरावाचून चालत नाही.

पंच प्रत्येक चालीला शून्यापासून दहापर्यंत गुण देतो. पण तो स्वतः लिहीत नाही. लिहायला मान खाली घातली तर तेवढ्यात घोड्याची चूक नजरेतून सुटते. म्हणून त्याच्याजवळ एक लिहिणारा बसतो. पंच म्हणतो, "साडेसहा." लिहिणारा लिहितो, साडेसहा. त्याला सात वाटले तरी सात लिहायचे नाही. कोणाला किती गुण पडले, हे बाहेर जाऊन सांगायचे नाही. काम लहान दिसते. पण त्या कागदावर स्वाराची वर्षभराची मेहनत असते.

दुसरा प्रकार उड्यांचा. मैदानात रंगीत दांड्यांचे अडथळे मांडतात. घोड्याने ते ओलांडायचे. दांडी पडली की ४ दोष लागतात. ज्याचे दोष कमी, तो वर. पडलेली दांडी झटकन उचलून पुन्हा ठेवायचे काम स्वयंसेवकांचे. ती आधी होती तेवढ्याच उंचीवर ठेवावी लागते. एका घोड्याला उंच आणि दुसऱ्याला बुटकी, असे झाले तर अन्याय होतो.

तिसरा प्रकार रानातल्या धावेचा. काही किलोमीटरांच्या वाटेत ओंडके, चर, पाणी, चढउतार असतात. पंच एका जागी बसून हे सारे पाहू शकत नाही. म्हणून प्रत्येक अडथळ्यापाशी स्वयंसेवक बसवतात. घोडा आला, नीट गेला, अडला, स्वार पडला, जे झाले ते त्याने लिहायचे. घोडा अडथळ्यापुढे एकदा अडला तर २० दोष लागतात. घोडा येताना शिट्टी वाजवून लोकांना बाजूला करायचे कामही त्याचेच.

भगिनींनो, या खेळात बाया आणि पुरुष वेगवेगळे खेळत नाहीत. एकाच स्पर्धेत उतरतात. २०२३ साली चीनमधल्या हांगझोऊ शहरात आशियाई स्पर्धा झाल्या. तिथे ड्रेसाजमध्ये भारताच्या चौघांनी मिळून सुवर्णपदक आणले. त्यांत मुंबईचा हृदय छेडा होता, कोलकात्याचा अनुष अगरवाला होता. आणि दोन मुली होत्या, इंदूरची सुदीप्ती हाजेला आणि जयपूरची दिव्यकृती सिंह. आशियाई स्पर्धेत घोडेस्वारीचे सुवर्णपदक आपल्याला त्याआधी १९८२ साली दिल्लीत मिळाले होते. मध्ये ४१ वर्षे गेली.

घोड्यामागे माणसे लागतात, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. शिवाजी महाराजांच्या पागेत २५ बारगिरांवर एक हवालदार असे. २५ घोड्यांमागे एक नाल ठोकणारा नालबंद आणि एक पाणी देणारा पखालजी असे. जुमलेदाराच्या हाताखाली हिशेब लिहिणारा मजुमदारही असे. तलवार स्वाराच्या हातात होती हे खरे. पण नाल निघाली, पाणी मिळाले नाही, हिशेब चुकला, तर तो स्वार लढणार कसा?

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. ती माझ्या चुकीची गोष्ट आहे.

निवृत्त झाल्यावर मी आणि माझे दोन सोबती एका स्पर्धेत स्वयंसेवक म्हणून गेलो. स्पर्धा मुंबईबाहेर एका माळावर होती. मला सातव्या अडथळ्यापाशी बसवले. समोर आडवा ओंडका, पलीकडे चर. हातात कागद आणि पेन्सिल. मला वाटले, यात काय अवघड आहे? जन्मभर मी मुलांची हजेरी लिहिली. घोड्यांची हजेरी लिहिणे म्हणजे डाव्या हातचा मळ!

सकाळचे घोडे नीट गेले. ऊन चढले. माझा सोबती पाणी आणायला गेला. मी आधीच्या घोड्याची वेळ लिहीत होतो. तेवढ्यात टापा वाजल्या. मी मान वर केली तेव्हा पुढचा घोडा उडी घेत होता. वर एक तरुण मुलगी बसली होती. घोडा ओंडका ओलांडून निघून गेला. मी कागदावर लिहिले, "नीट गेला."

माझ्या मागे झाडाखाली एक मोतद्दार उभा होता. घोड्याला खरारा करणारा, चंदी घालणारा माणूस. तो पुढे आला आणि हळूच म्हणाला, "गुरुजी, काय लिवलंत?"

मी म्हणालो, "नीट गेला, असे लिहिले."

तो म्हणाला, "न्हाई गुरुजी. त्यो थांबला व्हता. वंडक्याफुडं पाय रोवून हुबा ऱ्हायला. मंग बाईंनी टाच मारली, तवा गेला."

मी जरा रागावलो. म्हणालो, "तुम्हाला काय ठाऊक?"

तो म्हणाला, "आमचाच घोडा हाय जी. म्याच सांभाळतो त्येला."

मंडळी, मी गप्प झालो. घोडा त्याच्या मालकाचा. घोडा जिंकला असता तर त्यालाही चार पैसे बक्षिशी मिळाली असती. माझी चूक त्याच्या फायद्याची होती. तो बोलला नसता तर कोणाला काही कळले नसते.

मी बिनतारी यंत्रावरून मुख्य पंचांना कळवले, "माझे लक्ष नव्हते. मी पाहिले नाही. पाहणारा माणूस सांगतो की घोडा थांबला होता." त्यांनी धाव संपल्यावर त्या मुलीला विचारले. तीही खरी निघाली. म्हणाली, "हो, थांबला होता." तिला २० दोष लागले. तिचा नंबर खाली गेला.

मी आधीचा शब्द खोडून काढला नाही. त्यावर एकच रेघ मारली, खरे ते शेजारी लिहिले आणि खाली सही केली. चूक लपवली की ती दुप्पट होते. मग मी कागद मोतद्दारापुढे धरला आणि म्हणालो, "दादा, साक्षीदार म्हणून तुमचीही सही करा."

त्याने अंगठा पुढे केला.

त्या दिवशी मला त्याच्या अंगठ्याची नाही, माझ्या पेन्सिलीची लाज वाटली. मला अक्षर येत होते, पण मी पाहिले नव्हते. त्याने पाहिले होते, पण त्याला अक्षर येत नव्हते. खरे म्हणजे त्या अडथळ्यापाशी तोच बसायला हवा होता. घोडा कान कधी टवकारतो, पाय कधी आखडतो, हे माझ्यापेक्षा त्याला शंभरपट कळत होते. नुसते लिहिता येत नव्हते, म्हणून तो झाडाखाली आणि मी खुर्चीवर!

पुढे तो मला भेटला नाही. पण मी तुमच्या वर्गाला येतो तेव्हा मला तो आठवतो. तुम्हीही जनावरांतली माणसे आहात. बैल लंगडतो की नाटक करतो, हे तुम्हाला लांबून कळते. आता तुम्हाला अक्षरही आले आहे. म्हणजे मला जे जमले नाही, ते तुम्हाला जमेल.

त्याची गरज तुमच्या गावातही आहे. बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बंदी घातली होती. मे २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने राज्याचा कायदा मान्य केला. त्यामुळे आता नियम पाळून शर्यत घेता येते. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. जनावराला इजा होता कामा नये. हे नियम पाळले की नाही, हे कोण पाहणार? कोणती जोडी आधी आली, कोणत्या बैलाला मारले, हे कोण लिहिणार? तिथे डोळे उघडे ठेवणारा आणि खरे लिहिणारा माणूस हवा.

कुठेही स्वयंसेवक म्हणून उभे राहिलात, तर एवढे ध्यानात ठेवा. घोड्याच्या अगदी मागे उभे राहू नका. तिथले त्याला दिसत नाही. तो दचकला तर लाथ मारतो. बाजूने, खांद्याकडून, हळू बोलत जवळ जा. जवळ छत्री उघडू नका, आरडाओरडा करू नका. दिलेली जागा सोडू नका. पाणी प्यायला जायचे तर आधी दुसऱ्याला बसवा. स्वार ओळखीचा असो की परका, दोघांना एकच माप लावा. पाहिले ते लिहा. पाहिले नसेल तर "पाहिले नाही" असे लिहा. त्यात कमीपणा नाही.

आज घरी गेल्यावर पाटीवर एक वाक्य लिहा. "घोडा थांबला होता." तीनच शब्द आहेत. ते शब्द बोलायला त्या मोतद्दाराला किती धैर्य लागले असेल, याचा विचार करा. बोलण्याचे धैर्य त्याच्याजवळ होते. लिहिण्याची विद्या तुम्ही मिळवली आहे. दोन्ही एका माणसाजवळ आली, की गावात खोटी नोंद टिकणार नाही.