नदीकाठची हिरवळ आणि भूजलाची पातळी

कोरड्या मुलखात नदीकाठी जी हिरवळ दिसते ती पावसावर जगत नाही. नदीतून काठच्या जमिनीत मुरलेल्या पाण्यावर जगते. हे भूजल किती खोल आहे, यावरच काठाला किती प्रकारच्या वनस्पती टिकतील हे ठरते. चीनच्या वायव्य भागातील तारिम नदीने हे चांगलेच दाखवून दिले आहे.

ही नदी टाकलामाकान वाळवंटाच्या कडेने वाहते. तिच्या खालच्या टप्प्यात वर्षाकाठी ५० मिलिमीटरही पाऊस पडत नाही. तरीही तेथे पॉप्लरची राने, झाऊची झुडपे, नळ, जवासा आणि ज्येष्ठमध यांची दाटी होती. आपल्या ओढ्याकाठचा वाळुंज या पॉप्लरच्याच कुळातला. डोंगरावरील बर्फ वितळून उन्हाळ्यात पूर येई, पाणी काठावर पसरे आणि भूजल भरून निघे. पुढे वरच्या भागात कापसासारख्या पिकांचे ओलीत वाढले. १९७२ मध्ये जलाशय झाल्यावर खालचे सुमारे ३२० किलोमीटर पात्र कोरडे पडले आणि काठचे भूजल ८ ते १२ मीटर खोल गेले.

आधी गवत जाते, मग झाड

तेथील पाहणीत भूजल साधारण २ ते ४ मीटरवर असेल तेथे वनस्पतींचे सर्वात जास्त प्रकार आढळले. पातळी त्याखाली गेली की आखूड मुळांचे गवत व लहान रोपे प्रथम नाहीशी होतात. खोल मुळांचा झाऊ तग धरतो. जुने पॉप्लर वृक्ष शेंडे वाळले तरी उभे राहतात. म्हणून उभे झाड पाहून काठ शाबूत आहे असे समजू नका. झाडाचा शेंडा वाळेपर्यंत खालची चाराई केव्हाच संपलेली असते.

पाणी फार वर येणेही बरे नाही. ते केशाकर्षणाने पृष्ठभागाशी येते, उडून जाते आणि क्षार मागे ठेवते. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनी पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

पाणी परतले, रोपे मात्र थोडी

२००० सालापासून तारिमच्या कोरड्या पात्रात मुद्दाम पाणी सोडण्यात आले. भूजल वर आले, जुनी झाडे पुन्हा पालवली. पण हा लाभ मुख्यतः पात्रालगतच्या साधारण एक किलोमीटर पट्ट्यातच दिसला. बियांपासून नवी रोपेही थोडीच उगवली. पॉप्लरचे बी काही आठवडेच जिवंत राहते आणि त्याला पुराने भिजलेला गाळ लागतो. पाणी पात्रातूनच वाहिले, काठावर पसरले नाही, तर बी रुजणार कोठे? गेलेले पाणी परत आणता येते. गेलेली हिरवळ परत यायला फार काळ लागतो.

आपण काय करावे?

सीना, माण, येरळा यांसारख्या अवर्षणप्रवण भागातील नद्यांकाठी तारिमएवढे वाळवंट नाही. पण पाणी आणि मुळे यांचा हिशेब तोच आहे. यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

१. काठच्या विहिरीतील पाण्याची खोली मे अखेर व ऑक्टोबरमध्ये मोजून वहीत लिहावी. चार-पाच वर्षांच्या नोंदींवरून पातळीचा कल कळतो.

२. झाडांपेक्षा जमिनीलगतच्या वनस्पतींवर लक्ष ठेवावे. काठावरचा लव्हाळा व हिरवे गवत वर्षागणिक कमी होत असेल तर तो पहिला इशारा समजावा.

३. पात्रातील वाळू पाणी धरून ठेवते. तिचा बेसुमार उपसा झाला की पात्र खोल जाते आणि काठच्या विहिरींचे पाणी त्याबरोबर उतरते. गावाने एकत्र येऊन हा उपसा थांबवावा.

४. अगदी पात्राच्या कडेपर्यंत नांगर घालू नये. काठाला पट्टा राखून त्यात करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज लावावेत. मुळे ओलाव्यापर्यंत पोहोचेपर्यंत पहिले दोन-तीन उन्हाळे रोपांना हाताने पाणी द्यावे.

काठावरची हिरवळ आणि तुमची विहीर एकाच पाण्यावर जगतात. गवत सुकू लागले की विहिरीकडे पाहा. विहीर आटण्याची वाट पाहू नका.